वाढप्यांचा पाट

वाचक मित्रांनो, प्रारंभी आपणांस एक नम्र निवेदन करतो. पुढील पानांत एका लाकडी पाटाचा जन्म, त्याचे कार्य, त्याला लाभलेला मान, एका माणसाने त्याच्या बाबतीत केलेली लबाडी आणि त्या लबाडीचा शेवट, हे सर्व घडले त्या क्रमाने सांगितले जाईल. त्यात काही वाढविले जाणार नाही व काही लपविले जाणार नाही. सांगणारा तो पाट मीच होय.

मी एक जुना फणसाचा पाट आहे. माझे वास्तव्य चेन्नई शहरात, अयनावरम भागातील मराठी स्नेहमंडळाच्या कोठीत असते. माझी लांबी दीड हात व रुंदी एक हात आहे. चार कोपऱ्यांत चार पितळी फुले ठोकलेली होती, पैकी एक हरवले आहे. माझ्या पोटाखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत, त्यांनाच माझे पाय समजावे. त्या पायांची उंची दोन बोटे आहे. मित्रांनो, ही दोन बोटे कृपया ध्यानात ठेवावी.

माझे झाड पणरुट्टी गावच्या एका बागेत होते. त्याने पुष्कळ वर्षे फळे दिली व वादळात ते पडले. त्याच्या फळ्या लाकडाच्या वखारीत आल्या. तेथून सन १९८४ मध्ये पुरुषोत्तम नावाच्या एका तरुण सुताराने मला विकत आणले. पुरुषोत्तम मूळचा कोरेगावकडचा. सातवीनंतर त्याची शाळा सुटली, परंतु हात फार चांगला. रेल्वेचे डबे बनविणाऱ्या येथील कारखान्यात तो लाकूडकामाला लागला होता व डब्यांतील बाकांच्या फळ्या बसवीत असे. त्याचे वय तेव्हा सव्वीस होते. त्याने मला रंधले, घासले, तेल पाजले आणि माझ्यावर हात फिरवून तो म्हणाला, "शंभर वर्षं हलायचं नाही." हा माझ्या कानी पडलेला पहिला आशीर्वाद होय.

मला घडविण्याचे कारण मात्र जेवण नव्हते. ते कारण आता सांगतो.

आमच्या मंडळात दरवर्षी दत्तजयंतीला महाप्रसाद असतो. दीडदोनशे पाने होतात. या शहरात सर्वत्र टेबलावर पाने मांडण्याची रीत रूढ झाली, परंतु आमच्या मंडळाने जमिनीवरची पंगत सोडलेली नाही. जमिनीवरच्या पंगतीत वाढणाऱ्याला प्रत्येक पानापाशी वाकावे लागते, आणि वाढप्याचे भांडे किंवा हात जमिनीला लागता कामा नये, असा नियम आहे. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी एका वाढप्याचा तोल गेला, त्याने जमिनीवर हात टेकला आणि तोच हात न धुता भात वाढला. वृद्ध मंडळी पानावरून उठून गेली. तेव्हा स्वयंपाकाचे प्रमुख व्यासराजमामा यांनी एक परीक्षा ठरविली व त्या परीक्षेसाठी मला करविले.

व्यासराजमामा हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या देशी आले. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, परंतु त्यांचा जीव चुलीपाशी असे. त्यांची मराठी जुन्या वळणाची असून तीत तमिळ शब्द सहज येत. त्यांची परीक्षा अशी होती: दत्तजयंतीच्या सकाळी मला सभागृहाच्या मध्यभागी मांडावे. ज्याला वाढायचे आहे त्याने माझ्यावर मांडी घालून बसावे. उजव्या हातात पाण्याने भरलेला तांब्या घ्यावा, डावा हात कमरेवर ठेवावा, आणि जमिनीला हात अगर गुडघा न टेकता उभे राहावे. प्रथम मामा स्वतः बसून उठत, मग इतरांनी. जो उठला त्याला मामा म्हणत, "पोदुम." तमिळ भाषेत पोदुम म्हणजे पुरे, एवढे पुष्कळ झाले. जो उठू शकला नाही त्याला ते म्हणत, "बसा." म्हणजे त्याने त्या वर्षी पंगतीत बसून जेवावे. या निकालावर कधी वाद झाला नाही.

मित्रांनो, मी नुसता पाट असलो तरी माणसे मला आतून कळतात. वजनाचा काटा मनुष्य किती जड आहे एवढेच सांगतो. तो उठताना कोणत्या पायावर भरवसा ठेवतो, श्वास कोठे अडकतो, कंबर कोठे कुरकुरते, हे मला कळते. मी हे कोणास सांगत नसे. माझ्यापाशी सर्वजण सारखेच होते.

पुरुषोत्तम पहिल्या वर्षी माझ्यावर बसला आणि कमळाचा देठ वर यावा तसा सरळ उठला. तांब्यातले पाणी हललेसुद्धा नाही. मामा आनंदाने म्हणाले, "पोदुम, पोदुम! याला वरणाची बादली द्या." वरणाची बादली ही सर्वांत जड. ती भरली म्हणजे बारा किलोची होई, आणि गरम. तेव्हापासून ती पुरुषोत्तमाकडे आली व एकवीस वर्षे त्याच्याकडेच राहिली.

या बादलीचे महत्त्व आपणांस समजावे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मंडळातील बहुतेक सभासद बँकेतील अधिकारी, अभियंते, मोठ्या कचेऱ्यांतील हिशेबनीस असे होते. ते एकमेकांशी इंग्रजीत बोलत. सभेच्या वेळी पुरुषोत्तम दाराजवळच्या खुर्चीवर बसे व कोणी विचारले तरच बोले. परंतु दत्तजयंतीच्या दिवशी तेच अधिकारी पानावर मांडी घालून बसत, मान वर करून त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "पुरुषोत्तमराव, जरा इकडे हं!" वर्षातून एक दिवस त्याला राव म्हणत. तो घामाने भिजलेला, खांद्याला पंचा, बादली तोलून धरलेली, असा ओळींमधून फिरे, तेव्हा त्याच्या पावलांत जी ऐट असे ती मी कोठीच्या दारातून पाहत असे. घरी गेल्यावर तो पत्नीला म्हणे, "सुनेत्रा, आज दोन वेळा पंगत फिरलो." आणि सुनेत्राबाई म्हणत, "मग पाय चेपून देऊ की आरती ओवाळू?"

वर्षे गेली. पुरुषोत्तम कारखान्यात मिस्त्री झाला. रंधा सुटला, स्टूल आले. घरात जेवणाचे टेबल आले. त्याची मुलगी ऊर्मी शिकून सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत लागली व सकाळी साडेसहाच्या बसने जाऊ लागली. सर्व चांगलेच घडत होते. परंतु वर्षातील त्या एका सकाळशिवाय पुरुषोत्तमाला जमिनीवर बसण्याचा प्रसंगच उरला नाही. हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले. दरवर्षी तो माझ्यावरून थोडा उशिरा उठू लागला. आधी डावा गुडघा बाहेर झुके, मग दात आवळले जात, मग उठण्यापूर्वी अंगाला एक झोका दिला जाई. तो मात्र समजे की आपण आहोत तसेच आहोत.

सन २००५ च्या दत्तजयंतीला तो माझ्यावर बसला. त्याचे वय सत्तेचाळीस होते. त्याने झोका दिला, अर्धा उठला, आणि त्याचा डावा हात कमरेवरून सुटून जमिनीवर आपटला. तांब्या आडवा झाला. पाणी माझ्या अंगावरून वाहत गेले.

"हात लागला," रत्नाकर हळूच म्हणाले. हे बँकेतील अधिकारी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठे, सडपातळ आणि थट्टेखोर. परंतु त्या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"मज दिसलं," मामा म्हणाले. एरवी ते पुरुषोत्तमाला तू म्हणत, परंतु निकालाचा शब्द ठरलेला होता. "बसा."

वरणाची बादली रत्नाकरांनी उचलली. पुरुषोत्तम एकवीस वर्षांनंतर प्रथमच पंगतीत बसला. वरण त्याच्या पानावर पडले तेव्हा तो मान खाली घालूनच होता. त्याने भात कालवला व तसाच ठेवला.

त्या दिवसापासून त्याला एकच प्रश्न लागला: माझे शरीर अजून पुरेसे आहे की नाही? हा प्रश्न विचारायला तो निरनिराळ्या ठिकाणी गेला. रेल्वेच्या दवाखान्यात त्याने तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उत्तम, साखर नाही, वयाच्या मानाने सर्व ठीक. तो घरी येऊन म्हणाला, "वयाच्या मानाने म्हणजे काय गं?" सुनेत्राबाई विळीवर दुधी चिरीत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे म्हातारे झालात, पण छान झालात."

ऊर्मीने संगणकावर हिशेब केला. "बाबा, तुमचा आकडा सत्तावीस आहे."

"कसला आकडा?"

"उंचीच्या मानाने वजनाचा. पंचवीसच्या खाली आला पाहिजे."

"आणि तुझा किती?"

"माझा एकवीस!"

तेव्हा पुरुषोत्तमाने निश्चय केला. टी. नगरच्या बाजारात जाऊन त्याने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले व तो रोज पहाटे रत्नाकरांबरोबर रेल्वेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागला. रत्नाकर म्हणत, "अहो, बूट नवे आहेत म्हणून एवढं जपून पाऊल टाकू नका, मैदानही आपलंच आहे." साखर सुटली, वडे सुटले. आठ महिन्यांत सहा किलो वजन उतरले. आकडा पंचवीसच्या खाली आला. ऊर्मीने पेढे आणले आणि तिघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

या सर्व गोष्टी मला त्याच्या घरी कळल्या. कारण श्रावणात माझी एक पट्टी दमट हवेने सैल झाली आणि दुरुस्तीसाठी तो मला सायकलच्या मागे बांधून घरी घेऊन गेला.

घरी कोणी पाहत नाही असे बघून त्याने मला गच्चीकडच्या खोलीत मांडले, तांब्या भरून घेतला व तो माझ्यावर बसला. मला तत्क्षणी कळले की माणूस हलका झाला आहे, श्वासही मोकळा आहे. परंतु कंबर व घोटे गंजलेल्या बिजागरीसारखे तसेच होते. चालणाऱ्याला चालणे येते, मित्रांनो. उठणे ही वेगळी गोष्ट आहे. तो अर्धा उठला आणि धाडकन माझ्यावर बसला.

"काय पडलं?" खालून सुनेत्राबाईंनी विचारले.

"काही नाही."

"काही नाही पडलं, की तुम्ही पडलात?"

तो बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिला. दवाखाना ठीक म्हणाला होता, आकडा ठीक म्हणाला होता, मैदानही ठीक म्हणाले होते. फक्त मी नाही म्हणालो होतो. आणि वरणाच्या बादलीचा निकाल माझ्याकडे होता.

आता अपराधाचा भाग येतो. तो सांगताना मला संकोच होतो, परंतु प्रारंभी वचन दिले आहे.

त्याने माझ्या दोन्ही पट्ट्या काढल्या. सैल झालेली एकच होती, तरीही त्याने दोन्ही काढल्या. त्यांच्या जागी सागाच्या नव्या पट्ट्या बसविल्या. जुन्या दोन बोटे उंच होत्या, नव्या चार बोटे. नवे लाकूड उठून दिसू नये म्हणून त्याने कॉफीच्या चोथ्याचा काढा करून त्यांना चोपडला. खिळे जुनेच वापरले. काम इतके सुबक झाले की कोणालाही संशय येऊ नये. आपणांस वाटेल, दोन बोटांनी काय होते? जो उठू शकत नाही त्याच्यासाठी दोन बोटे म्हणजे अर्धा जिना असतो. जुन्या पट्ट्या फेकण्याचे मात्र त्याच्याने धाडस झाले नाही. त्याने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

त्या उंच पाटावर तो पहिल्याच दिवशी एक हात टेकून उठला. त्याला हुरूप आला. तो दोन्ही वेळचे जेवण माझ्यावर बसून घेऊ लागला. प्रथम पंजा टेकी, पुढे मूठ, नंतर दोन बोटे. सुनेत्राबाई एकदा पूजेच्या वेळी माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा पाट उंच का लागतोय?" तो म्हणाला, "तुला तसं वाटतंय." त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिले. दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन त्याची उठबस चालली असता मात्र त्या म्हणाल्या, "मी रोज दहा वेळा विळीवरून उठते. कधी कुणाला तांब्या दाखवलाय का?"

कार्तिकात तो हात न टेकता उठला. एकदा नव्हे, सात वेळा. त्याला आनंद झाला, परंतु तो आनंद पूर्ण नव्हता. हे मला माहीत आहे, कारण सातव्यांदा उठल्यावर त्याने मला उलटे केले, पट्टीवर चार बोटे ठेवून पाहिली व पुन्हा सुलटे केले.

दत्तजयंतीची सकाळ आली. येथील पावसाळा मार्गशीर्षापर्यंत लांबतो, तो नुकताच सरला होता, हवा गार होती. केळीची पाने पुसली जात होती, आतून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. मला सभागृहाच्या मध्यभागी मांडण्यात आले. ऊर्मी व सुनेत्राबाई इतर स्त्रियांबरोबर भिंतीपाशी बसल्या होत्या. पुरुषोत्तमाने जुन्या पट्ट्यांची पिशवी हत्यारांसकट बरोबर आणून कोठीत ठेवली होती. त्याने ती का आणली हे बहुधा त्यालाही सांगता आले नसते.

रिवाजाप्रमाणे प्रथम व्यासराजमामा आले. ते एकोणऐंशी वर्षांचे झाले होते. मागील दोन वर्षे ते मोठ्या कष्टाने उठले होते व सर्वांनी श्वास रोखून पाहिले होते. ते माझ्यावर बसले. तांब्या धरला. आणि, मित्रांनो, ते उठले! मध्ये थोडे थरथरले, पण उठले.

सभागृहात टाळ्या झाल्या. मामा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दत्तानं गुडघे परत दिले रे," ते म्हणाले. "मागल्या वर्षाहून सोपं गेलं. मज भय होतं, यंदा उठाचं होईना म्हणून." मग त्यांनी कमरेला पंचा आवळला. "सेरी, बरं तर! ठरलं. यंदा वरणाची बादली मी घेईन. एक वेळ तरी फिरेन."

"मामा, बारा किलो आहे," रत्नाकर म्हणाले.

"पाटानं पोदुम म्हटलं, तू कोण मज अडवायला?"

मंडळी हसली. मामांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. एकोणऐंशी वर्षांचे गुडघे, बारा किलो उकळते वरण आणि खाली पानांवर बसलेली लेकरे. त्या सर्वांचा भार माझ्या खोट्या पायांवर होता. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

"चल, पुरुषोत्तमा. तुझी पाळी," मामा म्हणाले.

पुरुषोत्तम पुढे आला. त्याने तांब्या हातात घेतला. तो बसला असता तर खात्रीने उठला असता, आणि त्याच्याकडे पुन्हा मान वर करून पाहिले गेले असते. परंतु तो बसला नाही. माझ्यासमोर उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "आधी पाट उलटा करा."

"कां?"

"उलटा करा. बोटं लावून बघा."

रत्नाकरांनी मला उलटे केले व पट्टीवर बोटे ठेवली. "एक, दोन..." ते थांबले. "तीन, चार."

मामा माझ्यावर वाकले. आत फोडणी चुरचुरत होती तेवढाच आवाज.

"कुणी केलं हे?" मामांनी विचारले.

"मी केलं. श्रावणात. मला उठता येत नव्हतं." त्याने तांब्या खाली ठेवला. "तुम्ही उठलात ते पाट उंच म्हणून उठलात, मामा. बादली घेऊ नका. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण बादली घेऊ नका."

मामांनी मला हातात घेतले. पट्टीवरून बोट फिरविले, जोडावरून नख फिरविले, जवळ नेऊन वास घेतला. "कॉफी," ते म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "सांधा दिसत नाही. हात अजून चांगला आहे तुझा. जुन्या पट्ट्या आहेत का जाळल्यास?"

"पिशवीत आहेत."

"मग ठोक."

पुरुषोत्तम सर्वांसमोर खाली बसला. त्याने सागाच्या पट्ट्या काढल्या व जुन्या बसविल्या. सैल पट्टीला पाचर मारली. दोनशे माणसे पाहत होती. मला घडविले तेव्हाही त्याचे हात एवढे जपून चालले नव्हते. माझे पाय पुन्हा दोन बोटांचे झाले, आणि काय सांगू, मला हायसे वाटले.

मामा पुन्हा माझ्यावर बसले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. "परीक्षा खरी ती खरी," म्हणाले. त्यांनी तांब्या धरला, जोर केला. एकदा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा त्यांचा डावा हात जमिनीवर आला. मामांनी त्या हाताकडे पाहिले, मग मान वर केली व ठरलेल्या आवाजात स्वतःलाच म्हणाले, "व्यासराजराव, बसा."

दोघांनी त्यांना हात देऊन बाजूला केले. ते सतरंजीवर टेकले. "आता तू," ते पुरुषोत्तमाला म्हणाले.

तो बसला. या वेळी त्याने झोका दिला नाही. टाचा जवळ घेतल्या, पोट आवळले, छाती पुढे झुकविली. चार महिने माझ्यावर बसून जेवलेले त्याचे घोटे मला ओळखू येत होते. तो वर निघाला आणि नेमका त्या दोन बोटांपाशी अडला. डावा हात कमरेवरून सुटला. हवेत गेला. जमिनीच्या वीतभर वर तरंगत राहिला. तांब्या कलंडला व निम्मे पाणी त्याच्या धोतरावर सांडले. मग उजवी मांडी थरथरली, घट्ट झाली, आणि तो उभा राहिला.

"पाणी सांडलं," रत्नाकर म्हणाले.

"पण हात नाही लागला!" भिंतीपासून ऊर्मी ओरडली. "काका, मी बघितलंय, हात नाही लागला!"

सर्वांनी मामांकडे पाहिले. मामा विचार करीत होते. "पाणी स्वतःच्या धोतरावर सांडलं," ते सावकाश म्हणाले, "कुणाच्या पानावर नव्हे. वरणाची बादली तुझीच. पण भरली बादली नव्हे. अर्धी भरायची, खेपा दुप्पट करायच्या. मान्य?"

"मान्य, मामा."

"मग पोदुम."

पुरुषोत्तमाने डोळे पुसले. सुनेत्राबाई शेजारणीला म्हणाल्या, "धोतर मात्र मलाच धुवायचंय."

पाने मांडताना मामांनी मला मागवून घेतले. "मज याच्यावर बसवा," ते म्हणाले, "आणि पान इथंच मांडा. यंदा उठाची घाई नाही." अशा रीतीने परीक्षेचा पाट त्या दिवशी प्रथमच जेवणाचा पाट झाला. भात आला. पाठोपाठ पुरुषोत्तम अर्धी बादली घेऊन आला, वाकला, आणि पहिली पळी मामांच्या पानावर घातली. दुसरी घातली. बादली हलकी होती, हात स्थिर होता, एक थेंब इकडेतिकडे झाला नाही. तिसरी पळी उचलली तेव्हा मामांनी पानावर हात आडवा धरला. आयुष्यभर त्यांनी हा शब्द दुसऱ्यांना दिला होता. आता वाढून घेणाऱ्याच्या तोंडून तो हसत हसत निघाला:

"पोदुम रे, पुरुषोत्तमा. पोदुम."

त्या दिवशी पुरुषोत्तमाने पंगतीला एकूण चौदा खेपा केल्या. पंगत उठल्यावर मामांना एका बाजूने त्याने व दुसऱ्या बाजूने रत्नाकरांनी हात दिला. मग आकडा एकवीस असलेली ऊर्मी मोठ्या दिमाखात माझ्यावर बसली. तिला तीन वेळा प्रयत्न करूनही उठता आले नाही. "बाबा, पाट आणखी खाली गेलाय का?" तिने विचारले. सर्वजण पोट धरून हसले. हल्ली ती रविवारी जमिनीवर बसून जेवते व कुरकुर करीत उठते.

मित्रांनो, माझे निवेदन संपत आले. मी आता कोठीत, तांदळाच्या पिंपाशेजारी उभा असतो. पुरुषोत्तम घरी दुसऱ्या पाटावर जेवतो. त्याची उंची दोन बोटेच आहे, असे तो सर्वांना आवर्जून दाखवितो. मामा दर दत्तजयंतीला माझ्यावर बसून जेवतात, आणि परीक्षेसाठी त्या सकाळी मी तेवढा वेळ त्यांच्याकडून उसना मिळतो. माझी आपणांस एकच विनंती आहे. आपले वय चाळीस असो वा पन्नास, दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसा व उठून पाहा. उठताना हात टेकावा लागला तर लाजू नका. हात टेकून उठा व उद्या पुन्हा बसा. ज्या कामासाठी शरीर हवे आहे त्या कामालाच विचारा की मी पुरेसा आहे का. ते अर्धी बादली म्हणाले, तर अर्धी उचला. परंतु माझ्यासारख्या गरीब पाटाचे पाय वाढवू नका. त्याने माणूस उंच होत नाही. आणि पाट वापरून झाल्यावर पुसून, कोरड्या जागी, भिंतीला उभा करून ठेवावा, म्हणजे त्याच्या पट्ट्या सैल होत नाहीत.

मला हात नाहीत. म्हणून ज्याने मला घडविले, एकदा खोटे केले आणि सर्वांसमोर पुन्हा खरे केले, त्याच्याच हाताने हे सर्व लिहून घेतले आहे. लिहिण्यात काही उणे राहिले असल्यास तो दोष सातवीपर्यंतच्या शाळेचा समजावा व क्षमा करावी. आपण आपला अमूल्य वेळ देऊन येथपर्यंत वाचलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
पुरुषोत्तम रामचंद्र पांचाळ
अयनावरम, चेन्नई